वर्ण, वर्णरूप आणि युनिकोड

‘वाशी’ हे नाव मराठी वळणाच्या ‘श’ने लिहिले काय किंवा हिंदी वळणाच्या ‘श’ने लिहिले काय, संगणकाच्या लेखी ते एकच असते. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या संकेतव्यवस्थेचे मूलतत्त्वच असे, की संकेतांक द्यावयाचा तो वर्णाला, त्याच्या आकृतीला नव्हे. आकृती घडविणे हे टंकाचे काम. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाने देठयुक्त ‘श’ व पाकळीयुक्त ‘ल’ ही रूपे मराठीसाठी प्रमाण मानली. तथापि त्यांना वेगळे संकेतांक नाहीत. मुळात टंकच मराठी वळणाचा नसेल, तर मजकूर मराठी असल्याची खूण सोबत असावी लागते आणि ती ओळखण्याची सोय टंकात असावी लागते.

एवढ्यावरून स्वतंत्र संकेतांकांची मागणी करणे मात्र युक्त नव्हे. तसे झाल्यास नवी मुंबईच्या कागदपत्रांत वाशी, बेलापूर, ऐरोली ही नावे एका रूपात शोधताना दुसऱ्या रूपातील नोंदी निसटतील. रूपभेदाने अर्थ बदलत नसेल तेथे संकेतांक एकच असावा, हा नियम येथे सार्थ ठरतो.

त्याची खरी कसोटी लागते ती ‘ऱ्य’मधील अर्ध्या ‘र’च्या बाबतीत. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. येथे रूपभेद हाच अर्थभेद होय. युनिकोडमध्ये त्यासाठी ‘ऱ’ हा वर्ण आहे. परंतु साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे अदृश्य जोडचिन्ह दिले तरी तेच रूप उमटते. ही दुसरी वाट धोक्याची आहे. शोध घेताना असे चिन्ह अनेकदा जमेस धरले जात नाही. ते गळले की स्वयंपाकी आचार्य होतात. ‘ॲ’ची स्थिती याच्या उलट आहे. २००८ साली त्याला स्वतंत्र संकेतांक मिळाला; तत्पूर्वी ‘अ’ला चंद्र जोडून ते लिहिले जाई. दोन्ही प्रकार आजही आढळतात व डोळ्यांना सारखेच दिसतात. युनिकोड मात्र त्यांना समान मानीत नाही.

तात्पर्य, तत्त्व ग्राह्य असले तरी त्याचा विनियोग एकसूत्री नाही, आणि त्याचा भार अखेर संपादकावर पडतो. कोणता लेखनप्रकार स्वीकारला हे त्याने प्रस्तावनेत नोंदवावे व शब्दसूची करण्यापूर्वी सारी संहिता त्याच प्रकारात आणावी. अक्षरवळण हाच जेथे अभ्यासविषय असेल, तेथे मूळ पृष्ठांची छायाचित्रे जोडणे अपरिहार्य आहे. कारण संकेतांकांत वर्ण टिकतो, वळण टिकत नाही.