फिरतंय अजून

कराडजवळच्या एका सेवा केंद्रात सातबाऱ्यासाठी बसलेल्या आज्जींनी विचारलं, "झालं का रं?" पडद्यावरची नजर न काढता पोरगा म्हणाला, "फिरतंय अजून, आज्जी."

'फिरतंय अजून'. काय फिरतंय, कुणामुळं, कधी थांबणार, यातलं काहीच त्या दोन शब्दांत नाही. पडद्यावरचं गोल चक्रही तेवढंच सांगत होतं.

खाली ओळ होती : कृपया प्रतीक्षा करा. ओळ सभ्य आहे. 'थांबा' म्हटलं की हुकूम होतो; प्रतीक्षा आपण येणाऱ्या माणसाची करतो, त्यामुळं शब्दात आस आहे. पण काय येणार आणि केव्हा, हे ती सांगत नाही. चक्र तर त्याहून फसवं. ते फिरतं आपल्याच संगणकात. पलीकडचा सर्व्हर बंद पडला तरी ते त्याच तालात फिरत राहतं.

सांगलीकराला असल्या उत्तरानं चैन पडणार नाही. वर साताऱ्यात कोयना धरणातून विसर्ग वाढला, की ते पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेत मिसळून त्याच्या दिशेनं निघतं. 'पाणी येतंय' एवढ्यावर तो गप्प बसत नाही. 'आयर्विनला किती फूट?' असं विचारतो. सांगलीतल्या 1929 सालच्या त्या आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे तिथं शाळकरी पोरांनाही पाठ असतं. 2019 साली पाणी 57 फुटांवर गेलं. आकड्यानं पूर ओसरत नाही. पण सामान माडीवर न्यायचं की जनावरं सोडून निघायचं, ते माणसाला ठरवता येतं. वाट पाहण्याची इतकी प्रामाणिक खूण मी दुसरी पाहिलेली नाही.

संगणकाच्या जगातही हे जुनंच आहे. किती टक्के काम झालं हे दिसलेलं लोकांना आवडतं, असं संगणक-संशोधक ब्रॅड मायर्स यांनी 1985 मध्येच दाखवलं. दहा सेकंदांपुढं माणसाचं लक्ष उडतं, हे वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी नंतर मांडलं.

म्हणून संकेतस्थळांची पानं बांधणाऱ्यांना विनंती आहे. वेळ लागणार असेल तर टक्के दाखवा. टक्के कळत नसतील तर 'तुमच्या गटाची नोंद शोधत आहोत' एवढं तरी लिहा. अडकलं असेल तर चक्र थांबवा आणि अडकलं म्हणून सांगा. आज्जींची शेवटची एस.टी. साडेपाचची होती.