झाकणाच्या आतली यादी

आर. के. पुरमच्या एका सरकारी क्वार्टरमध्ये, माझ्या मेहुण्यांच्या प्रथमोपचार डब्याच्या झाकणाला आतून एक यादी चिकटवलेली आहे. मी ती साहित्य म्हणून वाचतो. हसा हवं तर. बेनितो हुआरेझ मार्गावरचं इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशन इथून जवळच, त्यामुळे गढवालचे बेत शिजत असतात आणि याद्याही पुष्कळ फिरतात. ही उठून दिसते ती तिच्या क्रमामुळे.

बहुतेक याद्या गोळ्यांपासून सुरू होतात. हिची पहिली ओळ आहे, 'हातमोजे, सर्वांत वर.' मग गॉज, क्रेप बँडेज, त्रिकोणी पट्टी. इथे आजारांची वर्गवारी नाही, घाईची आहे. रक्त वाहताना हाताला लागेल ते आधी, पॅरासिटामॉल खाली. त्रिकोणी पट्टीपुढे नुसतं 'दोन' लिहिलंय. एक हाताच्या झोळीला आणि दुसरी ती झोळी छातीशी बांधून ठेवायला, हे जाणत्याने ओळखायचं.

इतकी काटकसर करणारा लेखक जलसंजीवनीशी आला की पाल्हाळ लावतो: 'पूर्ण पुडी, पूर्ण लिटर पाणी. अंदाजाने अर्धी करू नये.' त्याला कारण आहे. 20.5 ग्रॅमच्या पुडीत ग्लुकोज 13.5 आणि मीठ 2.6 ग्रॅम असतं. आतड्यात ग्लुकोजसोबत सोडियम आणि त्यामागून पाणी शोषलं जातं. प्रमाण बिघडलं की सगळाच डाव फसतो.

माझी सर्वांत आवडती ओळ डायमॉक्सची. 'सल्फाची ॲलर्जी विचारा. उंचीवर त्रास वाढला तर खाली उतरणे.' औषधाच्याच ओळीत औषधाची मर्यादा सांगायला धीर लागतो.

मधेच 'ब्लेड (साप)' खोडलेलं आहे. जुन्या पेट्यांत दंशाची जागा कापायला पातं असायचं. त्याने फायदा नाही, इजा मात्र होते. शेजारी वेगळ्या शाईत लिहिलंय: 'पाय हलू न देता उचलून दवाखाना.' प्रतिविष डब्यात नाही, तेही योग्यच. ते शिरेतून द्यावं लागतं आणि त्याचीच तीव्र रिॲक्शन येऊ शकते.

तळाची ओळ अस्सल दिल्लीची: 'जूनमध्ये डबा गाडीच्या डिकीत ठेवू नये.'

एक ओळ मात्र फसली आहे. 'अँटीबायोटिक', बस्स. नाव नाही, मात्रा नाही, डॉक्टरांनी कशासाठी दिलंय तेही नाही. त्रिकोणी पट्टीपुढचं मौन वाचता येतं, हे येत नाही. मी मेहुण्यांना तसं सांगितलंय, ते म्हणाले, "तुम्ही आधी ट्रेकला चला, मग समीक्षा करा."