जेसनचे व्याकरण आणि ‘असावे’ ह्या शब्दाचा अर्थ

रचनाबद्ध माहितीची फाइल वाचणे, तीत आवश्यक तो फेरफार करणे आणि ती पुन्हा लिहून ठेवणे हे सर्व्हरवरील आज्ञावलीचे नित्याचे काम होय. ह्या कामी आज अतिशय रूढ झालेली लेखनपद्धती म्हणजे जेसन. डग्लस क्रॉकफर्ड ह्यांनी ती एकविसाव्या शतकाच्या आरंभी जावास्क्रिप्ट भाषेच्या एका अंशावरून सिद्ध केली. तिचे नियम सांगणारा प्रचलित मानकग्रंथ आरएफसी ८२५९ हा डिसेंबर २०१७ मध्ये टिम ब्रे ह्यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. अभियंते तो हाताशी ठेवतात. भाषेच्या अभ्यासकाने मात्र तो एक व्याकरणग्रंथ म्हणून वाचून पाहण्यासारखा आहे. तसा तो वाचला असता त्याचे गुण आणि त्यातील एक गंभीर उणीव ही दोन्ही स्पष्ट दिसू लागतात.

गुण प्रथम सांगितले पाहिजेत. सहा विरामचिन्हे, तीन राखीव शब्द, संख्या व अक्षरमाला एवढ्या सामग्रीवर हे सारे व्याकरण उभे आहे. त्याच्या आधी, १९९८ मध्ये शिफारस म्हणून मान्य झालेल्या एक्सएमएलचा पसारा ज्याने पाहिला असेल, त्याला हा संक्षेप सुखद वाटल्यावाचून राहणार नाही. कोणती फाइल शुद्ध व कोणती अशुद्ध, हे ह्या नियमांवरून बहुतांशी निःसंदिग्धपणे ठरते. तथापि शुद्ध फाइलचा अर्थ काय, ह्या प्रश्नाशी आल्यावर ग्रंथाचा स्वर एकाएकी बदलतो.

जेसनमधील ऑब्जेक्ट म्हणजे नाव आणि मूल्य अशा जोड्यांचा समूह. एकाच समूहात तेच नाव दोनदा आले तर काय समजावे? ग्रंथ म्हणतो की नावे अद्वितीय असावीत. हे ‘असावे’ साधे नाही. अशा मानकग्रंथांतील विध्यर्थी क्रियापदांचे अर्थ आरएफसी २११९ ह्या १९९७ च्या ग्रंथाने निश्चित करून दिले आहेत. त्यानुसार ‘असलेच पाहिजे’ हे बंधन होय, तर ‘असावे’ ही सबळ कारण असल्यास बाजूस सारता येणारी शिफारस होय. अर्थात एकच नाव दोनदा असलेली फाइल व्याकरणशुद्धच ठरते. पुढे ग्रंथ नोंदवितो की अशा प्रसंगी अनेक पार्सर शेवटचे मूल्य घेतात, काही चूक दाखवून थांबतात, तर काही सर्वच जोड्या सादर करतात. येथे विधान संपते. निर्णय कोणताच नाही.

ही वृत्ती वर्णनात्मक व्याकरणकाराची आहे. बोलीचा अभ्यास करताना ती सर्वथा योग्य. एका गावात असे बोलतात, दुसऱ्या गावात तसे. अभ्यासकाने ते प्रामाणिकपणे टिपावे आणि निवाडा करू नये. परंतु बोलीत हे खपते त्याचे कारण असे की ऐकणारा “काय म्हणालात?” म्हणून परत विचारू शकतो. सर्व्हरवरील आज्ञावली विचारत नाही. तिला उमगलेला अर्थ ती तत्काळ अमलात आणते.

ह्याचे प्रत्यंतर कौचडीबी ह्या डेटाबेसच्या बाबतीत नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या दोषातून आले. तेथे नव्या सभासदाची नोंद जेसनच्या रूपाने येई. तिची तपासणी जावास्क्रिप्टमधील नियमांनी होई, अधिकार ठरविण्याचे काम मात्र एर्लँग भाषेतील भागाकडे होते. सभासदाची भूमिका सांगणारे नाव एकाच नोंदीत दोनदा लिहिले, पहिल्यांदा व्यवस्थापक म्हणून आणि दुसऱ्यांदा रिकामे, तर तपासणाऱ्यास शेवटचे रिकामे मूल्य दिसे आणि तो नोंद स्वीकारी. अधिकार देणारा भाग पहिले मूल्य उचली. एरवी सामान्य राहिला असता असा सभासद अशा रीतीने व्यवस्थापक होऊन बसे. दोघांपैकी कोणीही मानकाचा भंग केला नव्हता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दोष उघड झाल्यानंतरच्याच महिन्यात आरएफसी ८२५९ प्रसिद्ध झाला, आणि त्यातही ‘असावे’ कायम राहिले.

संपादकांच्या बाजूने एक सांगता येते. ग्रंथ सिद्ध होईपर्यंत असंख्य फाइली आणि पार्सर व्यवहारात रुळले होते. नवे बंधन घातल्याने त्यांतील कित्येक एका रात्रीत अशुद्ध ठरले असते. शिवाय ब्रे ह्यांनीच मार्च २०१५ मध्ये आय-जेसन ह्या नावाने एक कडक उपनियम आरएफसी ७४९३ मध्ये दिला होता; त्यात नावांची द्विरुक्ती स्पष्टपणे निषिद्ध आहे. तरीही जो तो मूळ ग्रंथाचाच आधार घेतो, तेव्हा बंधन वेगळ्या पोथीत ठेवणे हा तोडगा अपुराच म्हणावा लागतो. संख्यांचीही हीच गत आहे. ९००७१९९२५४७४०९९३ ही संख्या जावास्क्रिप्ट नेहमीच्या रीतीने वाचते तेव्हा शेवटी ३ च्या जागी २ येतो. ट्विटरला २०१० मध्ये प्रत्येक संदेशाचा क्रमांक अक्षरमालेच्या रूपातही द्यावा लागला, तो ह्याचसाठी.

मराठीपुरता प्रश्न ह्याहून सूक्ष्म आहे, आणि आय-जेसननेही तो सुटत नाही. ‘वऱ्हाड’ ह्या नावातील अर्धा ऱ युनिकोडमध्ये तीन रीतींनी लिहिला जातो: ऱ हे एकच अक्षर व हलन्त, र, नुक्ता व हलन्त, किंवा र, हलन्त व शून्यरुंदीचा जोडक. योग्य टंक असेल तर डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसतात. जेसनमधील नावांची तुलना मात्र संकेतांकांवरून होते. त्यामुळे जिल्हावार कोशाच्या फाइलीत ‘वऱ्हाड’ तीनदा येऊ शकते, आणि कडक पार्सरलाही त्यात द्विरुक्ती दिसत नाही. एका कळफलकावरून केलेली दुरुस्ती दुसऱ्या कळफलकावरून लिहिलेल्या नोंदीला पोचतच नाही. शेजारी नवी नोंद तयार होते आणि जुनी चूक तशीच राहते. युनिकोडचे प्रमाणीकरण पहिल्या दोन रूपांचे ऐक्य साधते, परंतु जोडक असलेल्या तिसऱ्याला ते हात लावीत नाही. फाइल लिहिण्यापूर्वी ते रूप बदलून घेण्याचा नियम मराठी जाणणाऱ्यानेच आज्ञावलीत घातला पाहिजे, आणि तो शोधासाठी येणाऱ्या शब्दालाही लावला पाहिजे. एरवी शुद्ध केलेल्या कोशात जोडक लिहून शोधणाऱ्याला ‘वऱ्हाड’ सापडणार नाही.