दोन ठिपके आणि एक फुली

बालवाङ्मयाविषयी लिहिताना आपल्याकडे बहुधा दोनच प्रश्न विचारले जातात: पुस्तकातून मुलाला बोध कोणता मिळतो, आणि भाषा त्याला झेपण्याजोगी आहे काय? चित्रांचा उल्लेख झालाच तर तो शेवटी, ‘चित्रे आकर्षक आहेत’ एवढ्या एका वाक्यात उरकला जातो. वास्तविक ज्या वाचकाला अजून अक्षरओळख झालेली नाही त्याच्यासाठी चित्र हेच पुस्तक होय. मजकूर त्याच्यापर्यंत आईच्या किंवा आजीच्या आवाजातून पोहोचतो. असा वाचक चित्रातल्या पात्राकडे पाहतो म्हणजे नेमके काय करतो, आणि मोजक्या रेषांत काढलेले पात्र त्याला तपशिलांनी गच्च भरलेल्या चित्रापेक्षा अधिक का भावते, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचा मानण्याचे कारण नाही. त्याचा विचार येथे एका सशाच्या निमित्ताने करावयाचा आहे.

हा ससा डच आहे आणि ती मुलगी आहे. तिचे मूळ नाव नाइन्त्ये. सशासाठी डच भाषेत जो शब्द आहे त्याचे लाडिक रूप कोनाइन्त्ये. बोबड्या तोंडातून त्याचा आरंभ गळाला की हे नाव उरते. इंग्रजीच्या वाटेने ती ‘मिफी’ या नावाने जगभर गेली. तिचे जनक डिक ब्रूना (१९२७–२०१७) हे उट्रेख्ट नगरीचे. घरात पिढीजात प्रकाशनव्यवसाय होता. मुलाने तो शिकावा म्हणून वडिलांनी त्याला लंडन-पॅरिसला धाडले. चिरंजीव तेथे चित्रे पाहत हिंडले आणि परतल्यावर हिशेबाच्या वह्यांऐवजी त्याच संस्थेच्या पुस्तकांची मुखपृष्ठे रंगवू लागले. स्वस्त आवृत्त्यांच्या एका मालेसाठी त्यांनी दोन हजारांहून अधिक मुखपृष्ठे केली. जॉर्ज सिमेनॉन यांच्या मेग्रे-कथांची मुखपृष्ठे त्यांतलीच. ही पुस्तके आगगाडीच्या स्थानकांवर विकली जात. घाईत असलेल्या प्रवाशाची नजर क्षणभर थांबवायची तर चित्रात काय ठेवावे यापेक्षा काय काढून टाकावे हे अधिक कळावे लागते. ब्रूनांच्या बालपुस्तकांचे मूळ मला या गुन्हेगारी कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांत दिसते, आणि ही गोष्ट मनात योग्य तेवढी मिश्कीलपणे ठेवूनच मी पुढे जातो.

१९५५ साली समुद्रकाठच्या एग्मोंड गावी सुट्टीवर असताना वाळूच्या टेकड्यांत एक ससा दिसला, आपल्या लहानग्या मुलाला त्या सशाच्या गोष्टी सांगता सांगता मिफीचा जन्म झाला, हा वृत्तान्त प्रसिद्ध आहे. त्या पहिल्या आवृत्तीतला ससा कापडी खेळण्यासारखा, काहीसा वेडाबागडा, कान कलंडलेला असा होता. आज आपण जी मिफी ओळखतो ती १९६३ साली पुन्हा रेखाटलेली. त्या वर्षी पुस्तकाचा आकारही ठरला: सुमारे १६ सेंटिमीटरचा चौरस, लहान हातांत मावणारा. बारा चित्रे, आणि प्रत्येक चित्रासमोर चार ओळींचे पद्य. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे हा साचा त्यांनी मोडला नाही.

चेहरा पाहा. एक गोलसर आकार, वर दोन उभे कान, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके, आणि नाक-तोंड मिळून एक फुली. भुवया नाहीत, गाल नाहीत, ओठ नाहीत. शरीर कोठेही वळलेले असो, चेहरा वाचकाकडे. सायकल चालवतानादेखील ती रस्त्याकडे न पाहता आपल्याकडे पाहते! चित्रकलेच्या शाळेत याला दोष म्हणतील. परंतु पूर्वेकडील ख्रिस्तसभेतील पवित्र प्रतिमा ज्यांनी निरखल्या आहेत त्यांना ही समोरासमोरची नजर अपरिचित नाही. त्या प्रतिमांतील संतही कथानकात गुंतलेले नसतात. ते आपल्याकडे पाहत असतात आणि आपण पाहावे याची वाट पाहत असतात. ब्रूनांच्या मनात प्रतिमा होत्या असे मला सुचवायचे नाही. मात्र परिणाम त्याच जातीचा आहे: पाहणारा तटस्थ राहू शकत नाही.

याउलट बाजारातील बहुसंख्य चित्रपुस्तकांकडे पाहावे. तेथे पात्र आनंदले की त्याचे तोंड कानापर्यंत फाकते, दुःखी झाले की भुवया गळून पडतात, डोळ्यांत पाण्याचे तळे साचते आणि शिवाय शेजारी ढगही काळा होतो. मुलाने काय वाटून घ्यावे हे त्याला चार वेळा सांगून झालेले असते. मुलाच्या वाट्याला काही कामच उरत नाही. मिफीचा चेहरा मात्र आनंदात आणि दुःखात जवळपास एकच. तरी चार वर्षांचे मूल न चुकता सांगते, ‘आता तिला रडू येतंय.’ हे त्याला कोठून कळले? पद्यातून, पार्श्वभूमीच्या रंगातून, आणि मुख्य म्हणजे स्वतःकडून. चेहऱ्यावरची रिकामी जागा त्याने आपल्या अनुभवाने भरलेली असते. साधेपणाचे आकर्षण म्हणतात ते हेच, असे माझे मत आहे. साधे पात्र ‘सोपे’ असते म्हणून मुलाला आवडते, हा समज वरवरचा आहे. ते मुलावर विश्वास टाकते म्हणून आवडते.

आमच्या डहाणू-तलासरीकडील वारली चित्रांतही माणूस दोन त्रिकोण व एका वर्तुळात उभा राहतो, हे येथे कोणाला आठवेल. आठवण योग्य आहे, पण साम्य अर्धेच. वारली माणसाला चेहरा नाही, कारण तेथे नायक समूह आहे: नाच, पेरणी, लग्न. मिफीला चेहरा आहे, कारण ती एकटी आपल्याशी बोलते आहे.

ही सरलता आयती आलेली नव्हे. एका चित्रासाठी ब्रूना कच्च्या रेखाटनांची चळत रचीत. पातळ कागदावरचे पेन्सिलीचे रेखाटन ते जाड कागदावर दाबून त्याची खूण उमटवीत आणि मग त्या खुणेवरून काळ्या रंगात बुडवलेला ब्रश अगदी सावकाश चालवीत. म्हणून त्यांची रेषा भूमितीतल्या पट्टीने काढल्यासारखी दिसली तरी भिंगाखाली किंचित कापरी आहे; तिच्यात हात जाणवतो. रंग मात्र रंगवलेले नसत, रंगीत कागद कापून बेतलेले असत. लाल, पिवळा, निळा, हिरवा. पुढे अस्वल आणि हत्ती यांच्यासाठी तपकिरी व करडा यांची भर पडली.

कागद कापून चित्र बेतण्याची ही रीत त्यांना आँरी मातिस यांच्याकडून मिळाली, आणि येथे आपल्या दृष्टीने एक विलक्षण दुवा सापडतो. दक्षिण फ्रान्समधील व्हाँस गावी दॉमिनिकन भगिनींसाठी मातिस यांनी उभारलेल्या जपमाळेच्या प्रार्थनामंदिराला ब्रूनांनी पन्नासच्या दशकात भेट दिली आणि त्या भेटीचा ठसा आपल्यावर कायमचा राहिला असे ते सांगत. हे मंदिर १९५१ साली आशीर्वादित झाले. मातिस तेव्हा ऐंशी पार केलेले होते. आजारपणात आपली शुश्रूषा करणारी परिचारिका पुढे संन्यस्त भगिनी झाली, तिच्या निमित्ताने या वृद्ध, फारशा धार्मिक नसलेल्या चित्रकाराने आयुष्याची चार वर्षे या वास्तूला दिली. पांढऱ्या चकचकीत फरशांवर काळ्या रेषांत संत दॉमिनिक उभे आहेत; चेहरा म्हणजे नुसता लंबगोल. मरिया माता आणि बाळ येशू यांनाही डोळे-नाक नाही. बाळाचे हात क्रुसासारखे पसरलेले आहेत. क्रुसाच्या वाटेची चौदाही स्थाने एकाच भिंतीवर, घाईने खरडल्यासारखी. अलंकार एकच: निळ्या, पिवळ्या, हिरव्या काचांतून फरशीवर सांडणारे ऊन. पुष्कळ भाविकांना त्या काळी हे मंदिर रुचले नाही. चेहराविहीन मातेपुढे जपमाळ कशी म्हणायची, ही त्यांची तक्रार मी थट्टेवारी नेणार नाही. आपल्या देवळांतील रंगीत, गुलाबी गालांच्या मूर्तींवर वाढलेल्या मनाला ती वाटणारच. परंतु उट्रेख्टच्या त्या तरुण प्रकाशकपुत्राने तेथून एक धडा उचलला, आणि पुढे तो सशाच्या रूपाने लक्षावधी घरांत पोहोचला.

उट्रेख्ट शहराचाही वाटा आहेच. नेदरलँड्समध्ये १५६६ साली मूर्तिभंजनाची लाट आली आणि पुढे जुन्या देवळांच्या भिंतींवर चुना फिरला. उट्रेख्टमधील अशी देवळे पीटर साएनरेडाम यांनी १६३६ साली जाऊन रेखाटली. पांढऱ्या कमानी, पांढरा उजेड. आपल्या श्रद्धेच्या इतिहासात ती जखम आहे. तरीही त्या पांढऱ्या भिंतींतून एका समाजाची दृष्टी घडली हे नाकारता येत नाही. त्याच शहरात १९२४ साली रीटफेल्ट यांनी बांधलेले लाल-निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे घर आजही उभे आहे, आणि त्याचे ऋण ब्रूना मान्य करीत.

मिफीवर आक्षेप घेता येत नाहीत असे नाही. तिचे जग फार नीटनेटके आहे. बाबा बागेत, आई स्वयंपाकघरात, रविवारी प्राणिसंग्रहालय. हेवा, खोटेपणा, मार, भूक यांना त्या चौरसात क्वचितच प्रवेश मिळतो. काही पुस्तके तर केवळ वस्तूंची यादी वाटतात, आणि तीसेक पुस्तकांच्या या मालेत सगळी सारख्या तोलाची नाहीत. आपल्या माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’मधील माणसे अधिक खोडकर, अधिक जिवंत आहेत, असे मी म्हणेन. दुसरा आक्षेप बाजाराचा. साधा चेहरा कपावर, पिशवीवर, उशीवर सहज छापता येतो. १९७४ साली जपानमध्ये निर्माण झालेल्या हॅलो किटी या तोंड नसलेल्या मांजरीला तर मूळचे पुस्तकच नाही. ती जन्मली तीच वस्तूंवर छापण्यासाठी. तिच्या परिवारातील कॅथी नावाच्या सशावरून ब्रूनांच्या बाजूने दावा लावण्यात आला आणि २०१० साली आम्स्टरडॅमच्या न्यायालयाने कॅथीला रोखले. पुढे जपानमधील २०११च्या त्सुनामीनंतर दोन्ही पक्षांनी भांडण मिटवून दीड लाख युरो आपद्‌ग्रस्तांना दिले, ही त्या प्रकरणातली शोभा देणारी बाजू. पण या वादातून समीक्षकाला एक कसोटी मिळते. दोन्ही चेहरे साधे, दोन्ही रिकामे. एका चेहऱ्यामागे गोष्ट आहे, दुसऱ्यामागे दुकान. गोष्ट नसलेली सरलता ही नुसती मुद्रा असते. जपानी मुलांना मिफी प्रथम भेटली ती १९६४ साली, पुस्तकातून. आणि ते छापणाऱ्या संस्थेचे नाव, फुकुइनकान, याचा अर्थच मुळी ‘सुवार्तेचे घर’ असा होतो.

मिफीच्या गोष्टी दोन टोकांना सर्वांत समर्थ आहेत: जन्म आणि मृत्यू. पहिल्या पुस्तकात सशांच्या जोडप्याला मूल हवे असते. रात्री एक छोटा देवदूत येऊन आईला शुभवर्तमान देतो, बाळ जन्मते आणि शेतावरचे प्राणी त्याला पाहायला येतात. नाझरेथ आणि बेथलेहेम ओळखायला आपल्या मुलांना कोणाच्या मदतीची गरज पडणार नाही. ब्रूनांनी तेथे ना प्रभावळ काढली ना तारा, आणि म्हणूनच तो प्रसंग उपदेशाचा न होता आनंदाचा होतो. नाताळची खरी गोष्टही त्यांनी वेगळ्या पुस्तकात याच रेषेत सांगितली आहे. आपल्या धर्मशिक्षणाच्या सचित्र पुस्तिका रचणाऱ्यांनी ती समोर ठेवावी. मधाळ रंगांतील, प्रत्येक गालावर लाली असलेली आमची चित्रे मुलाला फक्त गप्प बसवतात.

दुसरे टोक १९९६च्या पुस्तकाचे. त्यात मिफीची आजी वारते. मिफीच्या त्याच स्थिर चेहऱ्यावर अश्रू, आणि एवढ्यावर चित्र संपते. नंतर आजोबा रडताना दिसतात, आजी निश्चल पडलेली दिसते, मग शवपेटी, मग दफन, थडगे, फुले. काहीही झाकलेले नाही आणि काहीही वाढवलेले नाही. फुलीच्या तोंडाला ओठ असते तर ते थरथरले असते आणि आपण एका सशाची कीव केली असती. येथे कीव करायला जागा नाही. मूल आपल्या आजीकडे वळते.

या पुस्तकाचे मोल मला धर्मग्रामातील अनुभवामुळे अधिक वाटते. घरात मृत्यू झाला की लहान मुलांना शेजारी पाठवतात. ‘आजी झोपली आहे’, ‘आजी गावाला गेली’ असे सांगतात. मग मूल झोपायला घाबरते, किंवा गावाहून येणाऱ्या प्रत्येक एसटीची वाट पाहते. मोठ्यांचा हेतू प्रेमाचा असतो, परंतु जे खरे नाही ते मुलाला सांगितले जाते. ब्रूनांनी खरे तेच सांगितले, तेही चार-चार ओळींत. पुस्तकात स्वर्गाचे चित्र नाही. एक धर्मगुरू म्हणून ती उणीव मला जाणवते. पुनरुत्थानाच्या आशेवाचून थडग्यापाशी थांबणे आपल्याला पुरेसे नाही. पण शेवटी मिफी थडग्यापाशी जाऊन आजीला हाक मारते, तिच्याशी बोलते. मृताशी बोलणे ही आपल्या परंपरेत वेडेपणाची गोष्ट नाही. दर २ नोव्हेंबरला आपली मुले फुले आणि मेणबत्त्या घेऊन आईवडिलांसोबत दफनभूमीत जातात, कबरीवरचे गवत काढतात, नाव वाचायला शिकतात आणि ‘आजीला ऐकू जातं का?’ असे हमखास विचारतात. त्या मुलांना हे पुस्तक समजावून सांगावे लागणार नाही.