'रेडिएटर बिल्डिंग – नाइट, न्यूयॉर्क' : एक नगरचित्र आणि नावाचा प्रश्न

जॉर्जिया ओकीफ (१८८७-१९८६) या अमेरिकन चित्रकर्तीची ओळख प्रामुख्याने पुष्पचित्रांमुळे आहे. त्या चित्रांवर समीक्षेने लादलेला 'स्त्रीत्वा'चा अर्थ त्यांनी सातत्याने नाकारला. न्यूयॉर्क रंगवण्यापासून तर पुरुष सहकाऱ्यांनी आपल्याला परावृत्त केले होते, असे त्या सांगत. प्रस्तुत टिपणात त्यांच्या १९२७ मधील नगरचित्राचा विचार केला आहे.

चार फूट उंच व अडीच फूट रुंद अशा या तैलचित्राच्या मध्यभागी, वास्तुविशारद रेमंड हूड यांनी रचलेली काळ्या विटांची गगनचुंबी इमारत रात्रीच्या अंधारात उभी आहे. खिडक्यांचे उजळ चौकोन, उजळलेले शिखर, उजवीकडे वाफेचे लोट. माणूस मात्र कोठेही नाही. डावीकडे लाल अक्षरांत एक नाव झळकते: आल्फ्रेड स्टीग्लिट्झ. हे छायाचित्रकार, कलादालनाचे चालक आणि १९२४ पासून ओकीफ यांचे पती. प्रत्यक्षात तेथे एका नियतकालिकाची पाटी होती.

हा पत्नीचा कृतज्ञभाव, असे म्हणून थांबणे सोपे आहे. परंतु ओकीफ सहसा चित्राच्या दर्शनी भागावर स्वाक्षरी करीत नसत. स्वतःचे नाव वगळणारी चित्रकर्ती पतीचे नाव जाहिरातीच्या पाटीवर लिहिते, तेव्हा त्यात गौरवाबरोबर उपरोधही संभवतो. ज्यांच्या कलादालनातून त्यांची चित्रे रसिकांपर्यंत पोहोचत, त्यांचे नाव येथे कडेला आहे. मध्यभाग चित्रकर्तीने स्वतः निवडलेल्या विषयाला दिला आहे. म्हणूनच स्त्री-कलावंताच्या अभ्यासात चरित्राआधी चित्ररचना वाचणे अगत्याचे ठरते.