साचा कोणाचा?

पेण-वडखळ भागातील वाचकांना गणपतीचे कारखाने नवे नाहीत. समजा, तिथल्या एका मूर्तिकाराने जाहीर केले, 'माझी मूर्ती कोणीही करावी, बदलावी, विकावी. अट एवढीच की पुढच्यालाही तीच मोकळीक द्यावी.' पण मूर्तीचा रबरी साचा मात्र दुसऱ्याच्या मालकीचा आहे. तो फुकट मिळतो, परंतु त्यात फेरफार करून पुढे देण्यास मनाई आहे. मग सोंड उजवीकडे वळवायची कशी?

सॉफ्टवेअरच्या जगात असे भांडण खरोखर झाले. १९९६ साली माथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने लिनक्ससाठी केडीई हा प्रकल्प सुरू केला. पडद्यावरच्या खिडक्या, बटणे, याद्या काढण्यासाठी त्याने नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीची क्यूटी ही लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञावल्यांचा संच, निवडली. संच उत्तम होता आणि मुक्त प्रकल्पांना तो विनामूल्य मिळे. त्याची मूळ संहिता वाचता येई, पण बदललेली प्रत वाटता येत नसे. केडीईचे बरेचसे प्रोग्राम मात्र जीपीएल परवान्याखाली होते. हा परवाना सांगतो की, एकत्र चालणारा सगळा प्रोग्राम त्याच अटींवर वाटता आला पाहिजे. संगणक प्रणालीच्या मूळ घटकांना त्यातून सूट आहे खरी, पण तो घटक प्रोग्रामसोबतच वाटला तर ती सूट राहत नाही.

'आमचाच प्रोग्राम, आम्हीच क्यूटीवर बांधला, म्हणजे परवानगी आलीच,' असे केडीईच्या बाजूने सांगितले जाई. हा युक्तिवाद आम्हाला अर्धाच पटतो. स्वतः लिहिलेल्या ओळींपुरता तो ठीक आहे. परंतु केघोस्टव्ह्यूसारखे काही प्रोग्राम इतरांच्या जीपीएल संहितेवरून केलेले होते. त्या इतरांच्या वतीने सूट देणारे केडीईवाले कोण? ऑक्टोबर १९९८ मध्ये डेबियन या लिनक्स-वितरणाने केडीई काढून टाकले. पुष्कळांना हा कर्मठपणा वाटला. आम्हाला तो वाटत नाही. दुसऱ्याने घातलेली अट गैरसोयीची झाली की विसरायची, तर मुक्त परवान्याला अर्थच उरत नाही.

याच नाराजीतून १९९७ मध्ये ग्नोम हा प्रतिस्पर्धी प्रकल्प निघाला होता. १९९८ मध्ये ट्रोलटेक आणि केडीई यांनी एक प्रतिष्ठान स्थापले. कंपनीने मुक्त आवृत्ती बंद केल्यास क्यूटी खुली करण्याचा अधिकार त्याला मिळाला. सप्टेंबर २००० मध्ये कंपनीने क्यूटी जीपीएलखाली आणली आणि मूळ तंटा मिटला. पुढे क्यूटी नोकियाकडे आणि नंतर डिजियाकडे गेली, पण तो करार टिकला. आकाशदर्शनासाठी केस्टार्स किंवा आवर्तसारणीसाठी कॅल्झियम वापरणारे शिक्षक आज याच निर्धोक पायावर उभे आहेत.

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन अर्थ अडकले आहेत. मराठीत 'मुक्त' आणि 'फुकट' असे दोन स्वच्छ शब्द आहेत. तरी आपल्याकडे संगणक शिकवताना 'मुक्त म्हणजे फुकट' असेच बरेचदा सांगून टाकले जाते. याची किंमत मराठीने मोजली आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक कंपनीच्या मराठी फॉन्टची अक्षरांची सांकेतिक मांडणी वेगळी असे. मजकूर आपला, पण त्याचे वाचन कंपनीच्या फॉन्टवर अवलंबून. तो फॉन्ट दुसऱ्या यंत्रावर नसला की 'विज्ञान' ऐवजी रोमन अक्षरांचा काला दिसे, आणि फॉन्ट सोबत देण्यास परवाना आडवा येई. रेड हॅटने आणलेला लोहित देवनागरी हा फॉन्ट युनिकोडवर चालणारा होता आणि मुक्तही होता. त्यामुळे नव्या मजकुराचा प्रश्न बराच सुटला. जुन्याचा सुटलेला नाही. ज्या शाळांनी प्रश्नपत्रिका आणि टिपणे जुन्या फॉन्टमध्ये जपली, त्यांना दर फॉन्टसाठी वेगळा रूपांतरक शोधावा लागतो आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासत बसावे लागते.