शिल्पकार कोणाचा?
(डॉ. मार्टिन ल्यूथर किंग स्मारकाच्या वादाची एक समीक्षा)

महापुरुषाचे स्मारक कोणाच्या हातून घडावे, हा प्रश्न कलावंतांच्या वर्तुळापुरता मर्यादित राहत नाही. ज्या समाजाने शतकानुशतके दगड फोडले, माती वाहिली, परंतु ज्याचे नाव कोणत्याही शिळेवर कोरले गेले नाही, त्या समाजाच्या दृष्टीने तो हक्काचा आणि स्वाभिमानाचा प्रश्न असतो. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे कृष्णवर्णीयांचे नेते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे स्मारक उभे राहत असताना हाच प्रश्न तीव्रतेने पुढे आला. १९७२ साली आपल्या तरुणांनी ‘दलित पँथर’ हे नाव ज्या लढ्याकडे पाहून स्वीकारले, त्या लढ्याच्या वारसदारांतील हा वाद आहे. म्हणून तो आपणास परका नाही. प्रस्तुत लेखात या वादाचे परीक्षण धम्माच्या आणि पालि वाङ्मयाच्या आधारे करावयाचे आहे.

वादाचा तपशील

या स्मारकाची कल्पना ‘अल्फा फाय अल्फा’ या कृष्णवर्णीय पदवीधरांच्या बंधुसंघाने १९८४ मध्ये मांडली. डॉ. किंग स्वतः या संघाचे सदस्य होते. १९९६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने स्मारकास संमती दिली. आराखड्यासाठी खुली स्पर्धा ठेवण्यात आली, तिच्यात नऊशेहून अधिक प्रवेशिका आल्या आणि २००० मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील ‘रोमा डिझाइन ग्रुप’ या संस्थेचा आराखडा निवडला गेला. किंग यांच्या १९६३ च्या प्रसिद्ध भाषणातील एका रूपकावर तो आधारलेला होता: निराशेचा पर्वत दुभंगतो आणि त्यातून आशेचा पाषाण पुढे येतो.

येथपर्यंत वाद नव्हता. तो पेटला २००७ मध्ये, आशेच्या पाषाणावर किंग यांची मूर्ती कोरण्याचे काम चीनच्या हुनान प्रांतातील छांगशा येथील शिल्पकार लेइ यिशिन यांना देण्यात आले तेव्हा. मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथे २००६ मध्ये पाषाणशिल्पकारांचा मेळावा भरला होता. तेथे त्यांचे काम प्रतिष्ठानच्या नजरेस पडले. आराखड्यासाठी झाली तशी खुली स्पर्धा शिल्पकाराच्या निवडीसाठी झाली नाही.

विरोध तीन दिशांनी आला. अटलांटा येथील कृष्णवर्णीय चित्रकार गिल्बर्ट यंग यांनी मोहीम उघडली आणि आमच्या नेत्याची मूर्ती आमच्या कलावंताने घडवावी, अशी मागणी केली. मानवी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतला की, ज्याने माओ यांचे पुतळे घडविले आणि ज्यास चीनच्या शासनाची मान्यता आहे, त्याने अहिंसक स्वातंत्र्ययोद्ध्याची मूर्ती घडविणे विसंगत आहे. पाषाणकामाच्या व्यवसायातील लोकांनी विचारले की, अमेरिकेत ग्रॅनाइटही आहे आणि तो कोरणारे हातही आहेत. मग दोन्ही चीनमधून का आणावयाचे? डेन्व्हर येथील ज्येष्ठ कृष्णवर्णीय शिल्पकार एड ड्वाइट यांनीही उघड नाराजी व्यक्त केली. १९६० च्या दशकात अंतराळवीराचे प्रशिक्षण घेऊनही त्यांना तेव्हा अंतराळात पाठविले गेले नव्हते. पुढे त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची अनेक स्मारके घडविली. अखेर २०२४ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ते अंतराळात जाऊन आले.

प्रतिष्ठानचे प्रमुख हॅरी जॉन्सन यांचा प्रतिवाद असा होता की, माणसाची पारख कातडीच्या रंगावरून करू नये हीच किंग यांची शिकवण आहे. म्हणून वंश व देश न पाहता सर्वोत्तम कलावंत निवडला.

जन्म आणि कर्म

हा प्रतिवाद ऐकताच कोणाही बौद्ध वाचकास वासेट्ठसुत्ताचे स्मरण होईल. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुणांचा ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने, याविषयी वाद झाला, तेव्हा तथागतांनी सांगितले की शेतकरी कर्माने शेतकरी होतो आणि शिल्पी कर्माने शिल्पी होतो. या न्यायाने छांगशाच्या शिल्पकारास किंग यांची मूर्ती घडविण्याचा अधिकार नाही, असे म्हणता येणार नाही. कला ही कोणत्याही रक्ताची मिरासदारी नव्हे.

आपला पुरातन वारसाही हेच सांगतो. भारहूतच्या तोरणावर खरोष्ठी लिपीतील खुणेची अक्षरे आढळली. म्हणजे वायव्येकडील कारागिरांचे हात त्या कामास लागले होते, असे अभ्यासक मानतात. सांचीच्या दक्षिण तोरणावरील काही कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी केले, याची नोंद तेथेच कोरलेली आहे. कार्ले येथील चैत्यगृहाचे अनेक स्तंभ धेनुकाकट येथील यवनांचे दान आहेत आणि त्याच लेण्यातील एक लेख द्वार घडविणाऱ्या सामि नावाच्या सुताराचे नाव त्याच्या पित्याच्या नावासह आपणास सांगतो. बौद्ध शिल्प हे आरंभापासून अनेक देशांच्या व अनेक जातींच्या हातांचे काम आहे.

तथापि, येथेच थांबणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे होय. वासेट्ठसुत्त जन्माचा अहंकार मोडण्यासाठी सांगितले गेले. वंचितांची मागणी गप्प करण्यासाठी नव्हे. ज्यांना कलाशाळांत प्रवेश नव्हता, सार्वजनिक चौकांतील कामे मिळत नव्हती, त्यांनी “आम्हालाही विचारा” असे म्हणणे आणि उच्चवर्णीयाने “आम्हालाच अधिकार” असे म्हणणे, ही दोन विधाने बाहेरून सारखी भासली तरी त्यांचे मूळ भिन्न आहे. पहिल्यामागे संधीचा प्रश्न आहे, दुसऱ्यामागे मक्तेदारीचा. ‘गुणवत्ता’ हा शब्द आपल्याकडे राखीव जागांविरुद्ध कसा वापरला जातो, हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना हा भेद अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून आमचे मत असे की, यंग यांची मागणी ‘आमच्याच रक्ताचा शिल्पकार हवा’ या रूपात टिकणारी नाही; परंतु ‘खुली निवड का केली नाही?’ या रूपात ती पूर्णपणे न्याय्य आहे. कातडी पाहावयाची नसेल तर सर्वांचे काम पाहावे लागते. याच शहरातील व्हिएतनाम युद्धस्मारकाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९८१ मध्ये त्याच्या स्पर्धेत १४२१ प्रवेशिका आल्या आणि परीक्षकांपुढे एकाही प्रवेशिकेवर नाव नव्हते. निवड झाली ती माया लिन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीची. तिचे आईवडील चीनमधून आलेले होते. निवडीनंतर तिच्या वंशावरून हीन उद्गार काढले गेले, आराखड्यावरही टीका झाली. परंतु निवडीची पद्धत निर्दोष असल्याने तो आराखडा तगला. किंग यांच्या प्रतिष्ठानने आराखड्यासाठी पाळलेली पद्धत शिल्पकारासाठी पाळली असती, तर लेइ निवडले गेले असते तरी विरोधाची धार बोथट झाली असती.

महास्तूपाचा गवंडी

पालि वाङ्मयात स्मारकाच्या शिल्पकाराची निवड कशी झाली, याचा एक तपशीलवार वृत्तान्त ‘महावंसा’त आहे. अनुराधपूर येथे महास्तूप बांधण्यासाठी दुट्ठगामणी राजाने इट्ठकावड्ढकींना, म्हणजे विटांचे बांधकाम करणाऱ्या गवंड्यांना, एकत्र बोलाविले आणि ‘काम कसे कराल?’ असा एकच प्रश्न विचारला. दिवसाला गाडीभर वाळू लागेल, असे पहिला म्हणाला. पुढच्यांनी प्रमाण कमी कमी सांगितले. राजाने त्या सर्वांना नाकारले. अखेर एकाने सांगितले की तो वाळू कुटून, चाळून, दळून घेईल आणि अगदी थोडी वापरील. मग स्तूपावर गवत उगवणार नाही. आकार कसा असेल, असे विचारताच त्याने सोन्याच्या पात्रातील पाणी हाताने उडविले, पाण्यावर मोठा बुडबुडा उठला आणि ‘असा’, असे तो म्हणाला. राजाने त्याची निवड केली.

या कथेत गवंड्याचे कुल, गाव वा गोत्र विचारलेले नाही. विचारले ते काम. आणि विचारले ते सर्वांसमोर, सर्वांना. त्याच ग्रंथात पुढे एक महत्त्वाची आज्ञा येते: या कामावर वेतनाशिवाय कोणी राबू नये. त्यासाठी राजाने चारही दारांशी नाणी, वस्त्रे व भोजन ठेवविले. दुट्ठगामणी हा सर्वार्थाने आदर्श राजा होता, असे आम्ही म्हणत नाही. युद्धातील संहाराबद्दल त्याचे सांत्वन करताना हाच ग्रंथ जे सांगतो, ते धम्माशी सुसंगत मानणे कठीण आहे. परंतु बिनवेतन श्रमातून पुण्य उभे राहत नाही, ही जाण त्या काळीही होती, हे नमूद केले पाहिजे.

वॉशिंग्टन येथे नेमका हाच प्रश्न उपस्थित झाला. मूर्तीचे १५९ ग्रॅनाइटखंड चीनमधून आले आणि ते जोडण्यासाठी चिनी कारागीरही आले. या कारागिरांच्या वेतनाविषयी स्पष्टता नाही, अशी हरकत तेथील गवंड्यांच्या संघटनेने २०१० मध्ये घेतली. १९६८ मध्ये मेंफिस शहरातील सफाई कामगारांच्या संपास पाठिंबा देण्यास गेले असताना ज्यांची हत्या झाली, त्यांच्या स्मारकावर हा प्रश्न उद्भवावा, याहून मोठी विसंगती कोणती? शिल्पकाराच्या देशावरून जितका गदारोळ झाला, तितका मजुराच्या मजुरीवरून झाला नाही, ही या वादाची सर्वांत मोठी उणीव होय.

पाषाणात उमटलेले रूप

निवड कशीही झालेली असो, समीक्षकाने अखेर मूर्तीकडे पाहिले पाहिजे. सुमारे तीस फूट उंचीचे हे शिल्प लिंकन आणि जेफरसन यांच्या स्मारकांच्या मधल्या रेषेवर, तळ्याच्या काठी उभे आहे. त्या दोघांच्या मूर्ती एकोणीस फुटांच्या आहेत. किंग छातीवर हात बांधून, हाती गुंडाळलेला कागद घेऊन, गंभीर मुद्रेने दूर पाहतात. २००८ मध्ये अमेरिकेच्या ललितकला आयोगाने प्रारूपावर आक्षेप घेतला होता: प्रचंड आकार आणि समाजवादी वास्तववादी शैली यांमुळे, इतर देशांत नुकत्याच पाडल्या गेलेल्या राजकीय पुतळ्यांची आठवण होते. त्यानंतर मुद्रेत काही बदल करण्यात आले.

हा आक्षेप आम्हास महत्त्वाचा वाटतो, कारण तो शिल्पकाराच्या पारपत्रावर नसून त्याच्या छिन्नीवर आहे. किंग हे सभेत मिसळणारे, लोकांच्या हातात हात घालून चालणारे नेते होते. हात बांधलेली ही मुद्रा छायाचित्रकार बॉब फिच यांच्या १९६६ च्या एका छायाचित्रावरून घेतली आहे. छायाचित्रात किंग आपल्या कार्यालयात टेबलाशी उभे आहेत, हातात लेखणी आहे. तो एका विचारमग्न माणसाचा क्षण आहे. तीस फुटांच्या दगडात तीच मुद्रा आज्ञा करणाऱ्याची होते. उलट, शरीराचा खालचा भाग पाषाणातून पूर्ण मोकळा न करण्याची कल्पना अर्थपूर्ण आहे. मुक्ती अपुरी आहे, हे ती न बोलता सांगते.

या तुलनेत संसदेच्या आवारातील, ब्रह्मेश वाघ यांनी घडविलेला आणि २ एप्रिल १९६७ रोजी अनावरण झालेला बाबासाहेबांचा पुतळा आठवावा. एका हाती संविधान आणि दुसऱ्या हाताचे उचललेले बोट. आकार माफक असूनही ते बोट प्रश्न विचारते. गावोगावच्या मूर्तिकारांनी तीच मुद्रा पुनःपुन्हा घडविली, कारण लोकांनी तिच्यात स्वतःचा आवाज ओळखला.

शिलालेखातील ‘जर’

ग्रंथपरीक्षण करणाऱ्यास या स्मारकाचा आणखी एक दोष अधिक खुपतो. २०११ मध्ये स्मारक खुले झाले तेव्हा मूर्तीच्या बाजूस किंग यांचे एक वाक्य संक्षिप्त करून कोरलेले होते. फेब्रुवारी १९६८ मधील प्रवचनात त्यांनी म्हटले होते की, मला मिरवणुकीचा अग्रणी म्हणावयाचेच असेल, तर न्यायाचा अग्रणी म्हणा. संक्षेपात ‘जर’ गळाला आणि विनयाचे वाक्य आत्मप्रौढीचे झाले. कवयित्री माया अँजेलू यांनी त्यावर कठोर टीका केली. २०१३ मध्ये लेइ यांनी स्वतः येऊन ती अक्षरे काढली.

एक अव्यय गळाल्याने वचनाचा अर्थ कसा उलटतो, हे सुत्तांचे पाठभेद पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. आपणही सावध असले पाहिजे. बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीचा मूळ इंग्रजी क्रम शिक्षण, चळवळ, संघटन असा आहे. आपल्या फलकांवर मात्र ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ असा बदललेला क्रम रूढ झाला. दगडावर कोरलेली चूक कागदावरील चुकीहून अधिक काळ टिकते.

आपल्यापुढील प्रश्न

वॉशिंग्टनजवळ मेरीलँड राज्यात १४ ऑक्टोबर २०२३ रोजी राम सुतार यांनी घडविलेला बाबासाहेबांचा एकोणीस फुटी पुतळा उभा राहिला. मुंबईच्या इंदू मिलमधील स्मारकाच्या मूर्तीचे शिल्पही त्यांचेच. सुतार यांच्या हातोटीविषयी शंका नाही. परंतु उंचीचे आकडे जितके चर्चिले गेले, तितकी शिल्पकार कसा निवडावा, आपल्या समाजातून शिकून आलेल्या तरुण शिल्पकारांना आपले काम मांडण्यास जागा कोठे आहे, याची चर्चा आपण केली काय? १ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध लोक उतरले आणि शासनास ते काम स्थगित करावे लागले. ज्यांची श्रद्धा आहे, त्यांना आधी विचारले नाही की काय होते, याचा तो धडा होता.

किंग स्मारकाच्या वादातून घ्यावयाचा बोध शिल्पकाराच्या वंशाविषयीचा नाही. स्मारक समितीने निवड खुली ठेवावी, नावे झाकून कामे पाहावीत, दगड उचलणाऱ्या प्रत्येकास उचित वेतन द्यावे आणि कोरावयाचे वचन मूळ ग्रंथाशी ताडून पाहावे. हे चारही केल्यावर निवडलेला शिल्पकार चीनचा असो, धुळ्याचा असो वा आपल्याच वस्तीतला असो, त्याच्या हातून घडलेली मूर्ती आपलीच होय. आणि कार्ल्याच्या त्या सुताराप्रमाणे, घडविणाऱ्याचे नावही तिच्या पायाशी कोरलेले असावे.